पिल्लू घरात आले, लसीचे कार्ड आले का?

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात आम्ही मुलांचे वजन-उंची मोजत बसलो होतो. सात-आठ वर्षांची एक मुलगी रांगेत आली. तिच्या मनगटावर तीन-चार ओरखडे होते, त्यांवर हळद लावलेली. "हे कशाचे गं?" असे विचारले तर म्हणाली, "शेरूचे." शेरू म्हणजे तिच्या भावाने बाजारातून उचलून आणलेले पिल्लू. तिची आई म्हणाली, "ताई, पिल्लूच ते. दोन महिन्यांचे. दुधाचे दात. खेळता खेळता लागले." आम्ही सहज विचारले, "आता कुठे आहे शेरू?" आई जरा थांबली. "मेला ना परवा. दोन दिवस काही खाल्ले नाही, तोंडातून लाळ गळत होती, अंग झटके देत होते. पोरांनी नाल्याच्या कडेला पुरला."

आम्ही वजनकाटा बाजूला ठेवला. शेरूशी कोण कोण खेळले याची यादी केली. पाच मुले निघाली आणि एक आजी, जी त्याच्या तोंडात बोटाने दूधभात घालत होती. सहाही जणांना त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात नेले. आजी येईनात, "माझे काय आता वय राहिले" म्हणत होत्या. त्यांना जवळजवळ ओढतच रिक्षात बसवले. सगळ्यांची इंजेक्शने पूर्ण झाली, सगळे ठणठणीत आहेत. पण शेरूला नेमके काय झाले होते, डिस्टेंपर की रेबीज, हे आता कोणालाच कधी कळणार नाही.

त्या घराने पिल्लावर माया केली नाही असे नाही. आपल्या घासातला घास त्याला दिला, रात्री अंथरुणात घेतले. राहिली ती एकच गोष्ट: त्याला डॉक्टर दाखवला नाही, लस दिली नाही. आणि ते एकट्या त्या घराचे नाही. आपल्या वस्त्यांत कितीतरी घरांत कुत्रे-मांजर आहे, पण लसीचे कार्ड फार थोड्या घरांत सापडते. विचारले की उत्तर येते, "ताई, माणसांनाच डॉक्टर मिळत नाही, कुत्र्याला कुठून आणू?"

हा प्रश्न खोटा नाही. पण एका खोलीत सहा माणसे आणि एक जनावर राहत असेल, तर जनावराचे आरोग्य आणि लेकरांचे आरोग्य वेगळे राहत नाही. जनावर पाळणे हा काही श्रीमंतांचा शौक नव्हे. राजगृहातला १९३४ सालचा बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो अनेकांच्या घरी आहे. त्यात त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. जनावर जरूर पाळा. पण पाळायचे तर नीट पाळा. ते कसे, ते या वेळी पाहू.

सर्वांत आधी रेबीज

रेबीज हा विषाणूचा आजार आहे. तो आजारी जनावराच्या लाळेतून, चाव्यातून किंवा ओरखड्यातून शरीरात शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे जातो. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांमुळे होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे याने मरतात असा अंदाज आहे आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातली असतात. संशयित जनावर चावलेल्यांत दर दहांपैकी चार जण १५ वर्षांखालची मुले असतात. मूल कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेते, आणि मार बसेल म्हणून घरी सांगत नाही.

चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात. कधी आठवडाभर, कधी वर्षही लागते. एकदा लक्षणे दिसली की उपाय नाही. आम्ही वॉर्डात नोकरीला असताना असा एक रोगी पाहिला आहे. तहानेने व्याकूळ, पाणी मागायचा, आणि पेला ओठांजवळ नेला की घशाला असा आवळा यायचा की पेला फेकून द्यायचा. पूर्ण शुद्धीवर होता. चावा तीन महिन्यांपूर्वीचा, पायाला, अगदी छोटा. त्याने चावऱ्या जागी मिरची भरली होती. वेळेवर लस घेतली असती तर तो वाचला असता.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. पहिला, "पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून येणारा, भुंकणारा." तसे नेहमी नसते. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. त्यात जनावर कोपऱ्यात बसून राहते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते घशात हाड अडकले, आणि ते तोंडात हात घालतात. असे कधीही करू नका. दुसरा गैरसमज, "मांजरीला आणि लहान पिल्लाला रेबीज होत नाही." दोघांनाही होतो.

चावले, ओरखडले तर काय करायचे

१. जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. अंगाचा, कपड्याचा, कुठलाही साबण चालेल. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. एवढ्याने बराच विषाणू धुऊन जातो.

२. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू, माती, काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. मंत्र, उतारा यात एक तासही घालवू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

४. रक्त आले असेल, कातडी फाटली असेल, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर नुसती लस पुरत नाही. रेबीज इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध जखमेत आणि जखमेभोवती टोचावे लागते. लहान दवाखान्यात ते नसेल तर चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात जा. "तिथे नाही म्हणाले" म्हणून घरी परतू नका.

५. सगळे डोस पूर्ण करा. कातडीत देतात ती लस चार फेऱ्यांत असते: ०, ३, ७ आणि २८ वा दिवस. पहिले इंजेक्शन झाले तो दिवस शून्य धरायचा. स्नायूत देतात तेव्हा पाच फेऱ्या होतात: ०, ३, ७, १४ आणि २८. शेवटची फेरी बरेच जण चुकवतात, कारण तोवर जखम भरलेली असते.

पोटातली चौदा इंजेक्शने कधीच बंद झाली, आता दंडावर देतात. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस चालते. पूर्वी सगळे डोस झालेले असतील तर पुन्हा चावल्यावर दोनच लागतात, म्हणून जुना कागद जपून ठेवा.

चावलेले कुत्रे-मांजर घरचे असेल तर त्याला मारू नका, हाकलू नका. बांधून दहा दिवस लक्ष ठेवा. लाळेत विषाणू असेल तर एवढ्या दिवसांत ते आजारी पडते किंवा मरते. दहा दिवसांनंतरही ते खाते-पिते असेल तर त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता. पण लस सुरू करायला हे दहा दिवस थांबायचे नाही. लस लगेच सुरू करायची, पुढचे डॉक्टर सांगतील.

पिल्लाचे लसीचे वेळापत्रक

बाळाचे लसीकरण आपल्या आया-बायांना पाठ असते. पिल्लाचेही तसेच आहे.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नका. कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांची असताना पहिली लस द्यायची. ही पार्वो आणि डिस्टेंपर या आजारांवरची असते. नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत, पुढचे डोस. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. डॉक्टर सांगतील तेव्हा तिचा दुसरा डोस आणि पुढे दरवर्षी एक. मांजरीच्या पिल्लाला आठ आठवड्यांनी तिहेरी लस, महिन्याने दुसरा डोस, आणि तीन महिन्यांनी रेबीज.

पार्वो म्हणजे काय ते वस्तीतल्या मुलांनी पाहिले आहे, नाव माहीत नसते एवढेच. पिल्लू ओकते, रक्ताची अतिशय घाण वासाची हगवण लागते, दोन-तीन दिवसांत मरते. हा आजार माणसाला होत नाही. पण त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्या जागी ब्लिचिंग पावडरचे पाणी वापरावे लागते. म्हणून ज्या घरात एक पिल्लू असे गेले, तिथे लगेच दुसरे बिनलसीचे पिल्लू आणू नका. ते त्याच वाटेने जाईल.

डिस्टेंपरमध्ये डोळ्या-नाकातून चिकट पाणी, खोकला, ताप आणि नंतर झटके येतात. झटके आणि लाळ पाहून तो रेबीजसारखाच वाटतो. यातला फरक घरी ओळखायचा प्रयत्न करू नका. हात न लावता, लेकरांना दूर ठेवून डॉक्टरला कळवा.

जंत, गोचीड, पिसवा

पिल्लांना आईच्या पोटातून आणि दुधातूनच जंत येतात. पोट नगाऱ्यासारखे आणि फासळ्या वर, असे पिल्लू "खाऊन गुबगुबीत" नसते, जंतांनी भरलेले असते. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मुलांची जंताची गोळी अर्धी करून देऊ नका.

यात आपलाही स्वार्थ आहे. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतली जंतांची अंडी मातीत राहतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून पोटात जातात. काही जंतांच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि पायावर लाल, वळवळती, खाजरी रेघ उठते. विष्ठा रोज कागदाने उचला. जनावराला हात लावल्यावर आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.

गोचीड कुत्र्याचे रक्त तर पितातच, शिवाय तापाचे जंतू सोडतात. कुत्रा सुस्त, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त: हा गोचीड-ताप असू शकतो. वेळेवर गोळ्या मिळाल्या तर बरा होतो. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. ते भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, म्हणून भेगा बुजवा, अंथरूण उन्हात टाका. रॉकेल, जळके ऑइल, ढेकणांचे औषध कुत्र्याच्या अंगाला फासू नका; कातडी जळते, आणि चाटल्यावर विष पोटात जाते. कुत्र्यासाठीचे गोचिडाचे औषध मांजरीला लावू नका, काही औषधांनी मांजर मरते.

मांजर आणि गरोदर बाई

मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि गरोदरपणात त्याचा संसर्ग झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतो. म्हणून मांजर हाकलून द्यायची गरज नाही. विष्ठा एक दिवसानंतर संसर्ग पसरवू लागते, तेव्हा ती रोजच्या रोज काढा, आणि हे काम नवऱ्याने किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाने करावे. गरोदर बाईने मटण नीट शिजवून खावे, भाज्या धुऊन घ्याव्यात. कच्च्या मांसातून आणि मातीतूनही हा परजीवी येतो.

बोक्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तो वारंवार लघवीला बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका. लघवी तुंबली आहे. एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी डॉक्टर.

आपल्या घरातले काय चालत नाही

तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विष आहे. एक गोळीही जीव घेऊ शकते. दुखण्यावरची आयब्युप्रोफेनची गोळी दोघांनाही नको. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका कुत्र्याला अपाय करतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात, घशात-आतड्यात रुततात. उंदराचे औषध ठेवायचे तर मूल आणि जनावर दोघांचाही हात-तोंड पोहोचणार नाही असे ठेवा. फिनेलने पुसलेली फरशी वाळल्याशिवाय मांजरीला तिथे जाऊ देऊ नका, ती पाय चाटते.

नुसती दूध-चपाती पुरत नाही. भात किंवा भाकरी, त्यात उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे काळीज-पेटा, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता, हे कुत्र्याला स्वस्त आणि चांगले. मांजरीला मांस-मासळी लागतेच. सुकट-बोंबील द्यायचे तर धुऊन, खारटपणा काढून. मोठ्या मांजरींना दूध बहुधा पचत नाही, पाणी मात्र कायम हवे.

पत्र्याचे घर, पुराचे पाणी

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधून सगळे कामावर गेले तर तो उष्माघाताने मरू शकतो. सावलीत, वारा येईल तिथे, पाण्याचे भांडे जवळ ठेवून बांधा. जोरात धापा, लाळ, लडखडणे दिसले तर अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ लावू नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते, त्यातून लेप्टो होतो, माणसालाही आणि कुत्र्यालाही. कुत्र्यासाठी त्याची लस आहे, पावसाळ्याआधी विचारा. आजारी कुत्र्याची लघवी साफ करताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला.

नसबंदी

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, ६३ दिवसांत विते. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. मग पिल्ले पोत्यात भरून कुठेतरी सोडली जातात. असे उपाशी सोडून देणे प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. साधारण सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदीबद्दल डॉक्टरांना विचारा. मादीला गर्भाशयात पू होणे टळते, स्तनाच्या गाठींचा धोका घटतो. "एकदा तरी वेऊ द्यावी" याला वैद्यकीय आधार नाही. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण करून त्यांना त्याच जागी सोडणे हे २०२३ च्या नियमांप्रमाणे नगरपालिका-महापालिकांचे काम आहे. कानाला छोटी खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे.

डॉक्टर कुठे, पैसे किती

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्याच्या गावी आणि मोठ्या गावांत असतात. ते गाई-शेळ्यांचेच आहेत असे समजू नका, नाममात्र शुल्कात कुत्र्या-मांजरालाही तपासतात. मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार होतात. महापालिका आणि प्राणीसेवी संस्था रेबीज लसीकरणाची मोफत शिबिरे घेतात. शहरात कुत्र्याचा वार्षिक परवाना काढावा लागतो, त्यासाठी लसीचा दाखला मागतात. म्हणून कार्ड सांभाळा.

नेताना मांजर भोके पाडलेल्या खोक्यात किंवा कापडी पिशवीत घ्या. दुखण्यात घरचा कुत्राही चावतो, म्हणून ओढणीची पट्टी त्याच्या तोंडाला सैलसर बांधा. तो ओकत किंवा धापा टाकत असेल तर मात्र बांधू नका. आपला ९८.६ हा आकडा त्याला लावू नका. त्याचे साधे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. हिरड्या पाहा: गुलाबी ठीक, पांढऱ्या, पिवळ्या, निळसर असतील तर थांबायचे नाही.

सगळ्यांनी मिळून

एकट्या घराला दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडे जड जाते. दहा घरांनी एका दिवशी एक टेम्पो केला तर जात नाही. आम्ही आमच्या वस्तीत एक वही केली आहे. चार रकाने: घर, जनावर, शेवटची रेबीज लस, पुढची तारीख. वही अकरावीतल्या दोन मुली सांभाळतात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याच्या महिनाभर आधी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला वहीतल्या आकड्यांसह अर्ज दिला की शिबिर मागणे सोपे जाते. तोंडी मागणी विसरली जाते, अर्जावर आवक क्रमांक पडतो.

आणि घरोघरी एक नियम करा. मुलाने "कुत्रा चावला" म्हणून सांगितले तर त्याला रागवायचे नाही, मारायचे नाही. आधी साबण, मग दवाखाना, बोलणी नंतर. ज्या घरात मूल न घाबरता सांगते, त्या घरात लस वेळेवर पोहोचते.

शेरूच्या त्या घरी आता दुसरे पिल्लू आहे. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा त्या मुलीने रेशनकार्डाच्या पिशवीतून एक हिरवे कार्ड काढून दाखवले. रेबीजच्या रकान्यात तारीख आणि शिक्का होता. आजींनी आम्हाला हात दाखवले. "बघा, धुऊनच घास देते आता," म्हणाल्या.